रिकाम्या पुड्यांचा तारा

आमच्या घरचा नाताळचा तारा मोठा झाला, की समजायचं, पावसाळा वाईट गेला. बाहेरच्या माणसाला हे एवढंच सांगितलं तर त्याला काही उमगायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. आई खोडाळ्याच्या बाजूच्या एका लहान गावात सरकारी उपकेंद्रावर नर्स होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत औषधांचं कपाट आणि टेबल, दुसरीत एक लोखंडी खाट. त्याच भिंतीला लागून आमची राहायची जागा, आणि दोन्हींना मिळून पुढे एक लांब ओटा. ओट्याच्या आमच्या बाजूला बाबांचं शिवणयंत्र असायचं. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. आईच्या नोकरीमागून आपण यंत्र डोक्यावर घेऊन या डोंगरात आलो, असं बाबा ज्याला त्याला सांगायचे आणि ऐकणारा हसला की खूश व्हायचे. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. ते 'नरसबायचा शिंपी' होते. मी आणि माझी धाकटी बहीण शालू, अशा आम्ही दोघी. जवळपास देवळं पुष्कळ, पण चर्च थेट नाशिकला. नाताळात आईला ठाणं सोडता यायचं नाही, त्यामुळे आमचा सण घरातच उगवायचा आणि घरातच मावळायचा.

आईकडे पावसाळ्यात सगळ्यात जास्त काय खपत असेल तर जुलाबावरच्या जलसंजीवनीच्या पुड्या. पाड्यावरच्या बाया तिला 'पाण्याची पुडी' म्हणत. ही पुडी बाहेरून छापील कागदाची आणि आतून चांदीसारखी चकचकीत. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात आईला कळलं, की बाया पुडी घरी नेतात आणि फोडतच नाहीत. एवढी चांगली वस्तू, आजच कशाला संपवायची, पुढं पोर जास्त आजारी पडलं तर लागेल, म्हणून आढ्याला खोचून ठेवतात. खाली पोर सुकून चाललेलं आणि वर आढ्याला औषध. आई संतापानं रडली होती. तेव्हापासून तिनं नियम केला. रिकामी पुडी आणून दाखवायची, मगच दुसरी मिळेल. हा नियम ती प्रत्येकीला दरडावून सांगायची. आवाज चढवल्याशिवाय या बाया ऐकत नाहीत अशी तिची समजूत होती, आणि बाया ऐकायच्याही. लुगड्याच्या गाठीत बांधून, घडी घालून, रिकामी पुडी घेऊन यायच्या, आणि परीक्षेत पास झाल्यासारख्या टेबलावर ठेवायच्या. आई ती तारेच्या आकड्यात ओवायची. श्रावण-भादव्यात तो आकडा भरून जायचा.

त्या पुड्या फेकायच्या कुठं? बाबांच्या डोळ्यांसमोर एवढी चांदी लोंबकळतेय आणि ते गप्प बसतील, हे शक्यच नव्हतं. शाळेत आम्हाला 'टाकाऊतून टिकाऊ' करायला शिकवायचे, पण बाबांपुढे गुरुजी काहीच नव्हते. त्यांनी पुड्या उसवून, पुसून, उलट्या करून कडेला कड जोडत यंत्रावर शिवल्या आणि चांदीचं एक कापडच तयार केलं. बांबूच्या कामट्यांचा पाच टोकांचा सांगाडा, त्यावर हे कापड. पण त्यातून उजेड बाहेर पडेना. आत दिवा लावला तरी तारा आंधळाच. मग त्यांना युक्ती सुचली. यंत्राच्या सुईतला दोरा काढून घ्यायचा आणि तसंच रिकामं यंत्र चालवायचं. सुई टिचटिच करत जायची आणि मागे बारीक भोकांची ओळ राहायची. अशा ओळीवर ओळी, वेली, फुलं, मधोमध एक क्रूस. आत चाळीसचा दिवा लावला की त्या भोकांतून उजेड असा यायचा, की रस्त्यानं जाणारी जीप थांबायची. दोरा नसलेल्या यंत्राचा आवाज वेगळा असतो, कोरडा आणि थोडा घाईचा. आज माझ्या नातवाची आई दुकानातून प्लास्टिकचा तारा आणते, त्यात लुकलुकणारे दिवे असतात, सणानंतर तो कचऱ्यात जातो. छानच दिसतो, मी नावं ठेवत नाही. पण नाताळ जवळ आल्याचं मला डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं, आणि आता तो आवाज कुठेच नाही.

बाकीची सजावटही दवाखान्याच्या उकिरड्यातूनच उठायची. इंजेक्शनच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं ओवून शालू माळा करायची. रिकाम्या बाटल्या उकळून घेऊन त्यांत पाणी भरायचं, त्यात तोंड आल्यावर लावायच्या जांभळ्या औषधाचा उरलासुरला थेंब टाकायचा आणि खिडकीत टांगायच्या. सकाळी उन्हाचे जांभळे ठिपके भाकरीच्या पिठावर पडायचे. गोठ्याच्या देखाव्याला खाचरातली माती आणि पेंढा, आणि हिरवळ म्हणून पंधरवडाभर आधी पेरलेली नागली, म्हणजे नाचणी. मेंढरं सावरीच्या कापसाची. हा कापूस उन्हाळ्यात झाडाखाली वेचून उशीच्या अभ्र्यात भरून ठेवावा लागे, कारण दवाखान्याच्या कापसाला हात लावायची आमची टाप नव्हती. "सरकारचा कापूस सरकारच्या जखमेला," असं आई म्हणायची. एकदा शालूनं मेंढीच्या शेपटीपुरता बोळा उचलला, तर आईनं ती शेपूट उपटून परत डब्यात टाकली. मरियेचं लुगडं बाबा इथल्या बायांसारखं गुडघ्यापर्यंतच नेसवायचे. कापड वाचतं, आणि गोठ्यात बाळंत झालेली बाई घोळदार कशी नेसेल, असं त्यांचं म्हणणं. घरात हसू असं असायचं ते याच दिवसांत. बाहेर खळ्यांवर भात झोडल्याचे आवाज, आत करंज्यांचं तूप-खोबरं, आणि बाबा तोंडात टाचण्या धरून नाताळची गाणी गुणगुणत.

पण मी सांगतेय त्या वर्षी तारेचा आकडा एक नाही, दोन भरले होते. पाणी खराब झालं होतं. आई सकाळी गेली की अंधार पडायला यायची, पायांची बोटं चिखल्यांनी सडलेली. भादव्यातल्या एका दुपारी ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची सवली आली. तिचा देवू नावाचा दोन वर्षांचा पोरगा कडेवर होता. मान टाकलेली, डोळे खोल. आईनं त्याला तिथंच चमच्यानं पाणी पाजलं, तासभर बसवून ठेवलं, तो जरा रडला तेव्हा तिला हायसं वाटलं. पाऊस वाढत होता. सवलीला ओढा उतरून परत जायचं होतं, घरी म्हातारी सासू पडून होती. आईनं तिला तीन पुड्या एकदम दिल्या. आकड्यात पुड्या ओवत मी तिथंच होते, त्यामुळे आईचे शब्द मला तोंडपाठ आहेत. "पाडा लांब म्हणून तीन देते. पण तिन्ही रिकाम्या मला आणून दाखवायच्या. नाही आणल्यास तर परत माझ्याकडं येऊ नकोस." हे ती सगळ्यांना म्हणायची. सवलीनं मान हलवली आणि पुड्या पदरात बांधल्या. त्या रात्री ओढा चढला, तो दोन दिवस उतरला नाही. तिसऱ्या दिवशी आई कमरेएवढ्या पाण्यातून गेली, तेव्हा देवूला मातीत ठेवून झालं होतं.

त्यानंतर सवली आईला दिसेनाशी झाली. आई पाड्यावर गेली की ती घरात शिरायची, दाराआडून सासू सांगायची, नाय घरात. सवली पुन्हा पोटुशी होती. देवूच्या वेळी तिचं रक्त थांबता थांबलं नव्हतं, त्यामुळे हे बाळंतपण घरात होऊ द्यायचं नाही, असं आईनं मनाशी पक्कं केलं होतं. ती बाजारच्या बायांकडून निरोप धाडायची, पाड्यावरच्या पोरांकडून धाडायची. उत्तर यायचं, "बघू." आईला वाटलं, पोर गेलं म्हणून ती माझ्यावर डूख धरून आहे. आणि धरला तर चुकलं कुठं तिचं, असंही ती म्हणायची. आमची आई बोलकी बाई, पण त्या हिवाळ्यात ती गप्प झाली. ताटात नागलीची भाकर आणि उडदाचं वरण तसंच राहायचं, कढीवर येते तशी वर साय धरायची. तेव्हा मला तिचा राग यायचा. सण तोंडावर आलाय आणि ही अशी सुतकी चेहऱ्यानं फिरते, असं वाटायचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या आईचं दुःख म्हणजे आपल्यावरचा अन्यायच वाटतो.

बाबांनी आकडे खाली काढले तेव्हा आई म्हणाली, "या वर्षी पुड्यांचा तारा नको."

"मग कशाचा करू? घोटीव कागद आणायला नाशिकला जाऊ का?"

"नकाच करू. फार झाल्यात या वर्षी. माझ्यानं बघवणार नाही."

"अगं, रिकाम्या झाल्या म्हणजे पोरांच्या पोटात गेल्या ना? हे वाईट कसं?" बाबा समजुतीनं म्हणाले. "आढ्याला राहिल्या असत्या तर वाईट."

आईनं होही म्हटलं नाही आणि नाहीही. बाबांनी ते होकार म्हणून घेतलं, कारण त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. आईचं दुःख उतरवायला त्यांच्याकडे कात्री आणि यंत्र एवढंच होतं. आठवडाभर ओट्यावर सुई टिचटिचत राहिली. तारा झाला तो माझ्या उंचीचा. आजवरचा सगळ्यात मोठा. उचलताना सांगाडा करकरला, म्हणून दोन कामट्या जास्तीच्या बांधाव्या लागल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपार कलताना बाबा स्टुलावर चढून तारा टांगत होते, मी खालून धरला होता. आई आत करंज्या तळत होती. ओट्यापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. सवलीचा नवरा किसन. धापा टाकत होता, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. त्यानं आईला हाक मारली, "बाय!" आई झारा हातात घेऊनच बाहेर आली. किसननं कमरेची चिंधी सोडली. आत तीन पुड्या होत्या. चिखल वाळून कडक झालेल्या, पण घडी नीट घातलेली.

"ह्या घे पुड्या. तिन्ही हायत. बघून घे."

"कसल्या पुड्या?" आईला काहीच कळेना.

"देवूच्या. सवली सांगते, पयल्या पुड्या दाखव, मंग बाय येल. तिचं पोट दुखतंय."

"कधीपासून?"

"कोंबडा आरवला तवापासून."

"कोंबडा आरवला तेव्हापासून दुखतंय आणि तू आत्ता येतोस?"

"पुड्या सापडत नव्हत्या नं बाय." किसन कळवळून म्हणाला. "पोऱ्याच्या मातीवर ठेवल्या होत्या आमी, त्याच्या वाटीखाली. त्याचंच होतं नं ते, घरात कसं ठेवायचं? पावसानं दगडं सरकली. सकाळधरनं उकरतोय. इतके दिस तिला बोललो, जा बायकडं. ती बोलं, पोऱ्याला दिलेलं परत कसं उचलू, अन् पुड्या नाय तं कोणत्या तोंडानं जाऊ? बायनं सांगितलंय, पुड्या नाय आणल्या तं येऊ नको."

आईच्या हातातला झारा खाली पडला. तेल ओट्यावर सांडलं. तिनं तोंडावर पदर दाबला, आणि तो काढला तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. किसन तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर वर गेली होती, बाबांच्या हातातल्या ताऱ्यावर. त्यानं तारा पाहिला, मग हातातल्या पुड्या पाहिल्या, पुन्हा तारा पाहिला. बाबा स्टुलावर तसेच उभे राहिले, ना टांगता येई, ना खाली उतरवता येई.

आईनं त्या पुड्या त्याच्या हातातून घेतल्या. औषधांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या, कुलूप लावलं, पिशवी उचलली आणि ती किसनच्या पुढं चालू लागली. चप्पल घालायची तिला आठवण राहिली नाही. बाबा चप्पल घेऊन ओढ्यापर्यंत मागे पळाले.

नाताळच्या दिवशी आमच्याकडे प्रार्थना झाली नाही की करंज्यांचा डबा उघडला गेला नाही. दुपारी चार माणसं झोळीतून सवलीला घेऊन आली, आई झोळीचा काठ धरून चालत होती. रक्त थांबलं होतं. सवली वाचली होती. पोर वाचलं नव्हतं. मुलगी होती. आई पोचली तेव्हा ती जन्मून गेली होती, रडलीच नव्हती. सवलीला खाटेवर निजवून आई आमच्या चुलीपाशी येऊन बसली. बाबांनी चहा पुढं केला. ती त्यांना म्हणाली, "सकाळी आला असता तर पोर हाताला लागलं असतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मी समजत होते, ती माझ्यावर रागावलीय. राग असता तर बरं झालं असतं हो." मग ती रडली. आई अशी मोठ्यानं रडते हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. शालू घाबरून माझ्या मागं लपली.

बाबा उठून तारा काढायला निघाले. खाटेवरून दारातून तो समोरच दिसत होता. आई म्हणाली, "राहू द्या. किसननं पाहिलाय. आता काढला तर लपवल्यासारखं होईल." तारा राहिला, पण दिवा कुणी लावला नाही.

मी पुढे आयुष्यभर माणसांत वावरले, शाळेत शिकवलं, पोरांना दरडावलं. 'वही आणली नाहीस तर वर्गात येऊ नकोस' हे वाक्य जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचे. सहकारी बाई हसायच्या, म्हणायच्या, तुमचा धाकच नाही. नव्हताच. शब्द पाळणारी माणसं जगात असतात, आणि ती बहुधा गरीब असतात. त्यांच्यापुढे बोलताना जपायला हवं.

तिसऱ्या दिवशी सवलीला उठून बसवलं. सकाळच्या उन्हात ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली, अंगावर आईची शाल. आई तिच्या पायाला तेल चोळत होती. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. बाबा यंत्रावर बसून कुणाची तरी चड्डी शिवत होते, मी काज करत होते. वाऱ्यानं तारा हलला आणि त्याचा चकाकता ठिपका सवलीच्या तोंडावर आला. तिनं डोळ्यांवर हात धरला.

"बाय, ह्या पुड्याच का गं?"

आईचा हात थांबला. "हो."

"आमच्याकडनं मागवायचीस त्याच?"

"त्याच. पण याच्यासाठी नाही मागवायची मी. देवाशपथ सांगते सवली, याच्यासाठी नाही. तुम्ही पोरांना पाजता का, ते कळावं म्हणून मागवायची. फेकायच्या त्या हे शिवतात. आमचा सण असतो."

सवली बराच वेळ ताऱ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायला मी किती बघितलं, मला तो दिसला नाही.

"समद्या पोरांच्या हायत?"

"सगळ्या."

"जगली त्यांच्या, का मेली त्यांच्या?"

"दोन्हीच्या," आई म्हणाली.

"देवूच्या कुठं हायत?"

"कपाटात. ठेवल्यात मी."

"कपाटात कशाला? तिथं एकलाच राहील तो." सवली बाबांकडे वळली. "शिंपीदादा, ह्यात लाव ना त्याच्या. पोरांत राहील."

आई उठली, कपाट उघडून तीन पुड्या घेऊन आली. बाबांनी फडकं ओलं केलं, तर सवलीनं हात केला. "माती राहू दे. त्याची हाय." बाबांनी फडकं बाजूला ठेवलं. मी तारा खाली घ्यायला मदत केली. बाबांनी त्याची खालची बाजू उसवली आणि त्या तीन पुड्या, मातीसकट, क्रुसाच्या जवळ टाचून घेतल्या. टाका वाकडा पडला, आणि त्यांनी तो नीट करायचा प्रयत्न केला नाही.

सवली बघत होती. मग हळूच, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "पोरीची तं पुडीच नाय."

रस्त्यावरून एक जीप हॉर्न वाजवत गेली. आई पुन्हा उठली. आत तिनं कपाट उघडल्याचा आवाज झाला, मग हंड्यातून पाणी घेतल्याचा. एका मेंढीच्या शेपटीपुरता कापूस परत घेणारी माझी आई भरलेली, कोरी पुडी घेऊन बाहेर आली. सवलीसमोर बसून तिनं ती फोडली, तांब्यातल्या पाण्यात मिसळली, बोटानं ढवळली.

"पी," ती म्हणाली. "तुझं रक्त गेलंय. तुला लागतंच आहे हे."

सवलीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग जमिनीवरची रिकामी पुडी उचलली, मांडीवर ठेवून तिची नीट घडी घातली, आणि आईला दाखवली. आईनं मान हलवली. तेव्हा सवलीनं ती बाबांच्या हातात दिली.

बाबांनी पुडी उलटी केली, यंत्राखाली धरली, आणि सुईतला दोरा काढून घेतला.